संगणकाची यादी आणि परळचा वॉर्ड

(भोईवाडा, परळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित प्रत)



औषधी वनस्पतींवर बोला, असा निरोप व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी आणला तेव्हा मी लगेच होकार दिला. त्याला कारण ही वस्ती. केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन आणि जहांगीर मेरवानजी रस्त्यावरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था, हे सगळं इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी वॉर्डात, लॅबोरेटरीत, केसपेपरच्या खिडकीवर नाहीतर स्वयंपाकघरात राबलेलं आहे. गावाकडून आजारी माणसाला घेऊन आलेले पाहुणे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत महिना महिना राहून गेलेले आहेत. तेव्हा औषध म्हणजे काय आणि ते लागू पडतं म्हणजे काय, हे या सभागृहाला मी सांगायची गरज नाही.

मला बोलायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर. दर चार-आठ दिवसांनी वर्तमानपत्रात नाहीतर मोबाइलवर बातमी येते, की अमुक वनस्पतीतला तमुक घटक मधुमेहावर, कर्करोगावर किंवा डेंग्यूवर प्रभावी असल्याचं संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झालं. मग लोक मला विचारतात, ‘डॉक्टर, सिद्ध झालं म्हणतात, मग ते दुकानात का मिळत नाही?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर टाळलं तर दोन्हीकडून नुकसान होतं. काही लोक संगणकावर आंधळा विश्वास ठेवतात, काही वनौषधींवरचाच विश्वास गमावून बसतात. आज मी त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देणार आहे आणि त्यासाठी बहुतेक उदाहरणं आपल्या मुंबईतलीच घेणार आहे.

आधी हे काम चालतं कसं ते बघू. आपल्या शरीरातलं बरंचसं कामकाज प्रथिनं करतात. रोग झाला की पुष्कळदा एखादं प्रथिन वाजवीपेक्षा जास्त काम करत असतं, किंवा रोगजंतूचं स्वतःचं प्रथिन आपलं नुकसान करत असतं. या प्रथिनांच्या पृष्ठभागावर खाचा असतात. त्या खाचेत नेमका बसणारा रेणू सापडला तर प्रथिनाचं काम थांबवता येतं किंवा बदलता येतं. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती आजही चालते. प्रथिनांचे त्रिमिती आकार क्ष-किरणांनी आणि आता अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपतात आणि ते ‘प्रोटीन डेटा बँक’ नावाच्या खुल्या संग्रहात ठेवतात. १९७१ साली हा संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात सात आकार होते, आज दोन लाखांहून जास्त आहेत. कुलपं अशी मिळाली. किल्ल्यांसाठी चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेने ‘इम्पॅट’ नावाचा संग्रह तयार केला आहे. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत १,७४२ भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतली ९,५९६ रसायनं होती. पुढच्या आवृत्तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ रसायनं आहेत. प्रत्येकाचा त्रिमिती आकार कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. हे फार मोठं काम आहे. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता एम.फार्म.ची एखादी विद्यार्थिनी काय करते? ती प्रथिनाची फाइल उघडते, त्यातलं पाणी काढून टाकते, खाचेभोवती एक चौकट आखते. मग ‘ऑटोडॉक व्हिना’सारखा प्रोग्रॅम एकेक रेणू त्या चौकटीत सोडतो. रेणू गोल फिरवतो, त्याचे सांधे वळवतो, खाचेत शंभर तऱ्हांनी बसवून पाहतो आणि प्रत्येक तऱ्हेला गुण देतो. याला डॉकिंग म्हणतात. गुण उणे आकड्यांत, किलोकॅलरीत येतात. उणे पाच म्हणजे सैल, उणे नऊ म्हणजे घट्ट. रात्री संगणक चालू ठेवून ती घरी जाते आणि सकाळी तिच्यापुढे हजारो रेणूंची उतरत्या क्रमाची यादी असते. वर रुटिन, हेस्पेरिडिन, क्वेर्सेटिन अशी नावं. खाली रंगीत चित्र, त्यात हिरवा रेणू करड्या खाचेत जाऊन बसलेला आणि तुटक रेघांनी दाखवलेले हायड्रोजन बंध. चित्र इतकं देखणं असतं की बघणाऱ्याला वाटतं, झालं, औषध सापडलं.

त्या आकड्यांकडे मात्र जरा जवळून बघावं लागतं. गुणांत एका किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधाच्या ताकदीत साधारण पाच पटींचा फरक. आणि या प्रोग्रॅमची स्वतःची चूक दोन किलोकॅलरींच्या आसपास असते. म्हणजे उत्तर पंचवीस-तीस पटींनी इकडेतिकडे होऊ शकतं. उणे ८.९ वाला रेणू पहिला आणि उणे ८.२ वाला सातवा, या क्रमवारीला फारसा अर्थ नाही. दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम गुण देतो ते मुख्यत्वे प्रथिनाला लागून असलेल्या अणूंच्या हिशोबाने. रेणू जितका मोठा तितका त्याचा स्पर्श जास्त आणि तितके गुण जास्त. म्हणून कुठल्याही रोगाचं प्रथिन घ्या, रुटिन वरच्या पाचांत येतंच. मधुमेहाच्या यादीत रुटिन, अल्झायमरच्या यादीत रुटिन, करोनाच्या यादीतही रुटिन.

अशा यादीशिवाय औषध कसं सापडलं ते बघायला आता १९४९ सालात या. ठिकाण केईएम रुग्णालय, माणूस डॉ. रुस्तम जाल वकील. वाढलेल्या रक्तदाबावर त्या काळी जगात कुठेच धड औषध नव्हतं. मीठ बंद करायचं, झोपेच्या गोळ्या द्यायच्या, फारच झालं तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करायची. आपल्याकडे बिहार-बंगालमध्ये सर्पगंधेचं मूळ वेडाच्या झटक्यावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहून ठेवलं होतं की या मुळीने रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत मुळीतले काही अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांचं नाव दिलं. पण जगाला पटेल असा पुरावा नव्हता. डॉ. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, आठवड्यामागून आठवडे रक्तदाब मोजला, लिहून ठेवला आणि तो निबंध लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणला. त्या निबंधानंतर अमेरिकेत आणि युरोपात सर्पगंधेवर काम करायला लोक धावले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य रेणू वेगळा केला, तो रिसर्पिन. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण रोज केईएमच्या फाटकातून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं.

रिसर्पिनची गोष्ट मी सांगितली ती एका हिशोबासाठी. औषध म्हणून तोंडाने घेण्याजोगे रेणू निवडायला आज एक नियम सर्रास वापरतात, तो ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी १९९७ साली मांडला. रेणूभार ५०० च्या आत, नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू मिळून दहाच्या आत, आणि अशाच आणखी दोन अटी. दोन अटी मोडल्या की रेणू बाद. रिसर्पिनचा रेणूभार आहे जवळजवळ ६०९. त्यात नायट्रोजन दोन आणि ऑक्सिजन नऊ, म्हणजे अकरा. दोन अटी मोडल्या. आज कुणी सर्पगंधेची सगळी रसायनं घेऊन ही संगणकीय छाननी सुरू केली, तर पहिल्याच दुपारी रिसर्पिन यादीतून कापलं जाईल. ज्या रेणूने उच्च रक्तदाबाच्या उपचाराचा इतिहास बदलला, पाव मिलिग्रॅमसुद्धा ज्याला पुरतं, तो कचऱ्याच्या पेटीत! लिपिन्स्कींचा यात दोष नाही. त्यांनी मूळ निबंधातच अपवादांचे वर्ग नोंदवले होते. नियम डोळे मिटून लावणाऱ्यांनी ती ओळ वाचली नाही.

आता रुटिन आठवा. त्याचा रेणूभार आहे ६१०. रिसर्पिनपेक्षा जेमतेम एक-दोनने जास्त. वजनाने हे दोघे जुळे भाऊ शोभतील. नियम लावला तर दोघेही बाद. नियम बाजूला ठेवून डॉकिंगचे गुण पाहिले तर आकाराच्या जोरावर दोघेही वर येतील. आणि प्रत्यक्षात? एक कणभर पोटात गेला तरी मेंदूतल्या आणि मज्जातंतूंतल्या रसायनांचे साठे रिते करतो. दुसरा भाज्याफळांतून आपण रोज खातो आणि त्याचा बराचसा भाग आतड्यातले जंतू फोडून टाकतात. या दोघांतला फरक संगणकाच्या यादीने सांगितला नाही. तो केईएमच्या वॉर्डात दंडाला बांधलेल्या पट्ट्याने आणि पाऱ्याच्या नळीने सांगितला.

माझं म्हणणं इथेच आहे. वनस्पतींतून जी मोठी औषधं मिळाली ती सगळी एकाच दिशेने चालत आली. आधी परिणाम दिसला, माणसात किंवा निदान प्राण्यात. मग रेणू हाती लागला. मग तो कुठल्या प्रथिनावर बसतो ते कळलं. आणि प्रथिनाच्या खाचेत बसलेला रेणू डोळ्यांनी दिसला तो सगळ्यात शेवटी. रिसर्पिन ज्या प्रथिनाला अडवतं त्याच्या आत ते कसं बसतं, याचा स्पष्ट आकार २०२३-२४ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. वकिलांच्या निबंधानंतर तब्बल पाऊणशे वर्षांनी! डॉकिंग याच्या बरोबर उलट दिशेने जातं. ते शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतं. उलट दिशेने जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण त्या दिशेला वाट किती निसरडी आहे याची जाणीव ठेवून जावं.

आणखी एक उदाहरण घेतो, कारण ते दोन्ही अंगांनी आपलं आहे. मनसुख वाणी हे नाव किती जणांनी ऐकलं आहे? १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिका. नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन शोधलं, ते १९६६ साली प्रसिद्ध झालं. १९७१ साली याच जोडीने यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. कर्करोगावरच्या औषधांत या दोन रेणूंचं स्थान काय आहे ते टाटा रुग्णालयाच्या केमोथेरपी विभागात काम करणाऱ्या कुठल्याही परिचारिकेला विचारा.

कॅम्प्टोथेसिनची कथा सरळ नाही. उंदरांतला रक्ताचा कर्करोग त्याने रोखला, म्हणून सत्तरच्या दशकात माणसांवर प्रयोग झाले. रेणू पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून दिला. त्यात रेणूतलं एक कडं उघडतं आणि त्याचा गुण बहुतांशी जातो. राहिले ते दुष्परिणाम, मूत्राशयाचे भयंकर. प्रयोग थांबले, रेणू कपाटात गेला. १९८५ साली कळलं की तो टोपोआयसोमरेज-एक नावाच्या विकराला धरतो. हे विकर पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि जोडणी अडवतं. धागा तुटलेलाच राहतो, पेशी मरते. हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी कडं शाबूत ठेवून विरघळणारे भाऊबंद तयार केले, टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. शोधापासून तीस वर्षं. गंमत बघा, कॅम्प्टोथेसिनची खाच एकट्या प्रथिनात नसतेच. ती कापलेल्या डीएनएसकट विकर असेल तेव्हाच तयार होते. नुसत्या विकराची फाइल घेऊन डॉकिंग केलं असतं, तर संगणकाने काय उत्तर दिलं असतं याचा तुम्हीच विचार करा.

आणि हाच रेणू आपल्या सह्याद्रीत आहे. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली तो एका देशी झाडात भरपूर प्रमाणात असल्याचं दाखवून दिलं. ते झाड म्हणजे नरक्या. आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात वाढणारं लहानखुरं झाड, लाकूड तोडलं की घाण वास मारणारं. त्यातल्या औषधाची किंमत बाहेर कळली तेव्हापासून सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा इथल्या जंगलांतून ते चोरून तोडलं जात आहे. सर्पगंधेचंही तेच झालं, आज तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. वनस्पतीतून रेणू शोधायला निघणाऱ्याने झाडाचा विचार पहिल्या दिवसापासून करायला हवा. संगणकाच्या यादीत एक फायदा निश्चित आहे, यादी करायला झाड तोडावं लागत नाही.

मुलुंडच्या होक्स्ट संशोधन केंद्राचाही उल्लेख करतो. माईनमूळ, ज्याच्या मुळांचं लोणचं घालतात, त्या वनस्पतीतून तिथे सुजाता भट आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली फोर्स्कोलिन वेगळं केलं. रक्तदाब उतरवणारं काही शोधत होते. १९८१ साली अमेरिकेत कळलं की हा रेणू पेशीतलं एक मूलभूत विकर थेट चालू करतो. त्यानंतर जगातल्या पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत फोर्स्कोलिनची बाटली कायमची आली. इथेही क्रम तोच.

आता गुळवेलीकडे येऊ. हा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे.

डॉ. शरदिनी डहाणूकर तुमच्यापैकी अनेकांना ‘वृक्षगान’, ‘फुलवा’ यांच्या लेखिका म्हणून माहीत असतील. केईएममध्ये त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि तिथल्या आयुर्वेद संशोधन केंद्रात त्यांनी आणि डॉ. निर्मला रेगे, डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. शल्यविभागात डॉ. रवी बापट होते. पित्ताचा मार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली की त्यांतले पुष्कळ जण जंतुदोषाने दगावत. कावीळीत पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद घटते, हे त्यांना दिसलं होतं. मग १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ३० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार, पण एका गटाला त्यांच्या जोडीला गुळवेल. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरला. गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. तीस रुग्ण म्हणजे लहान अभ्यास, त्यावरून नियम बांधता येत नाही. पण प्रश्न किती नेमका होता! ‘गुळवेल चांगली का?’ असं त्यांनी विचारलं नाही. या शस्त्रक्रियेआधी, या रुग्णांत, या एका धोक्याला तिचा उपयोग होतो का, असं विचारलं.

हा परिणाम डॉकिंगने सापडला असता का? मला वाटतं, नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गुळवेलीतून प्रतिकारशक्तीवर काम करणारी एक बहुशर्करा वेगळी केली गेली. बहुशर्करा म्हणजे हजारो अणूंची लांबलचक साखळी. डॉकिंगच्या यादीत असे रेणू घेतच नाहीत, ते फार मोठे आणि फार लवचीक असतात. काढ्यातलं जे काही वाटीत उतरतं, त्यातला मोठा भाग संगणकाच्या नजरेबाहेरच राहतो.

याच गुळवेलीची दुसरी बाजूही आपल्या शहरानेच दाखवली. करोनाच्या पहिल्या वर्षात लोकांनी गुळवेलीचे काढे आणि गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी असं म्हटलं. वाद कुणाच्या बाजूने सुटतो हा आजचा विषय नाही. पण रुग्णाने घेतलेल्या काढ्यातला वेल नेमका कोणता होता हाच वादाचा मुद्दा असेल, तर आमच्या संगणकातल्या फाइलवर लिहिलेलं वनस्पतीचं नाव आणि दादरच्या फुलबाजाराबाहेर विकायला ठेवलेली जुडी यांच्यातलं अंतर केवढं आहे ते लक्षात घ्या.

करोनाचाच काळ डॉकिंगच्या दृष्टीनेही शिकण्यासारखा होता. विषाणूच्या मुख्य प्रथिनाचा, प्रोटिएजचा आकार फेब्रुवारी २०२० मध्ये खुल्या संग्रहात आला. टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद, पण लॅपटॉप चालू. तुळस, आलं, अश्वगंधा, गुळवेल, हळद, जे घरात होतं ते सगळं त्या खाचेत बसवून पाहिलं गेलं आणि निबंधांचा पूर आला. प्रथिनाची निवड चुकली नव्हती. त्याच प्रोटिएजला धरणारं नर्मट्रेलव्हिर हे औषध २०२१ च्या डिसेंबरात वापरात आलं. पण ते आलं रसायनशास्त्रज्ञांच्या हातून. २००३ च्या सार्स साथीच्या वेळी तयार करून ठेवलेल्या रेणूपासून सुरुवात करून, शेकडो वेळा प्रयोगशाळेत तपासून. वनस्पतींच्या त्या याद्यांतून मान्यताप्राप्त औषध एकही निघालं नाही. कारण बहुतेक याद्यांचं पुढे काही झालंच नाही. उणे नऊचा आकडा छापला, ‘पुढील संशोधनाची गरज आहे’ असं शेवटचं वाक्य लिहिलं आणि लिहिणारा पुढच्या प्रथिनाकडे वळला.

त्या यादीतल्या काही रेणूंबद्दल तर प्रयोगशाळेतल्या चाचण्याही फसतात. क्वेर्सेटिन आणि हळदीतलं कर्क्युमिन यांसारखे रेणू नळीतल्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘हो’ म्हणतात. ते स्वतः चकाकतात, इतर प्रथिनांना चिकटतात, गुठळ्या करतात, चाचणीचं यंत्र बिघडवतात. ऑस्ट्रेलियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१० साली अशा रेणूंची ओळखपरेड केली. २०१७ साली कर्क्युमिनचा एक परखड आढावा निघाला, की इतक्या मोठ्या खर्चानंतरही कसोटीला उतरणारा एकही काटेकोर वैद्यकीय प्रयोग हाती नाही. हळद घालून केलेली आमटी खायला याने काहीच अडत नाही. पण कर्करोगाच्या रुग्णाला केमोथेरपी सोडून हळदीच्या कॅप्सूल घ्यायला सांगणाऱ्याला मात्र अडवायला हवं.

मग संगणकाचा उपयोग नाही का? आहे, आणि मोठा आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या गटाने डोपामिनच्या एका ग्राहीवर तब्बल १३ कोटी ८० लाख रेणूंचं डॉकिंग केलं. पण ते यादीवर थांबले नाहीत. त्यांतले ५४९ रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले. त्यात वरच्या गुणांचे होते तसे मुद्दाम मधल्या आणि खालच्या गुणांचेही घेतले, म्हणजे गुणांचा आणि खऱ्या यशाचा संबंध किती आहे ते समजावं. आपल्या यादीची अशी परीक्षा घेणारे निबंध मला हवे आहेत. दोन पावलांवरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने २०१० पासून जंतुनाशक पेप्टाइडांचा जो संग्रह चालवला आहे, तो याच कारणासाठी मला महत्त्वाचा वाटतो. कुठले पेप्टाइड प्रयोगाने सिद्ध झाले आणि कुठले नुसते अंदाजाने मांडले, याची वेगळी नोंद तिथे आहे.

आणि दिशा बदलण्याची सोयही आहे. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ हा विचार मांडला, पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन यांनी तो पुढे नेला. रुग्णाला गुण आल्याची काटेकोर नोंद आधी, मग नेमका डोस आणि सुरक्षितता, मग प्रयोगशाळा, मग रेणू. डॉ. वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली कंपवातावर खाजकुहिलीच्या बियांचा अभ्यास याच रीतीने छापला होता. २००४ साली लंडनमध्ये त्या बियांची लेव्होडोपाच्या गोळीशी तुलना झाली, तेव्हा बियांचा परिणाम लवकर सुरू झाल्याचं दिसलं. या क्रमात संगणक शेवटच्या बाकावर बसत नाही. रुग्णात दिसलेल्या परिणामामागे काढ्यातल्या शंभर घटकांपैकी कोणते असावेत, कोणते घटक यकृतातल्या विकरांना अडवून इतर गोळ्यांशी भांडतील, कोणत्या दहांची आधी तपासणी करावी, हे तो झटपट सांगतो. त्याला विचारण्याजोगा प्रश्न वॉर्डातून आला पाहिजे, एवढंच.

म्हणून इथल्या तरुण संशोधकांना माझी विनंती आहे. सर्व साधनं तुमच्याभोवती आहेत. डॉकिंग करा, पण यादीतले पाच वरचे आणि पाच खालचे रेणू घेऊन हाफकिनची नाहीतर केईएमची पायरी चढा. तपासा आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तरी छापा. मार्गदर्शकांनीही नुसत्या डॉकिंगवर पदव्युत्तर प्रबंध स्वीकारणं बंद करावं. विद्यार्थी नाराज होतील, होऊ द्या.

आणि या सभागृहातल्या बाकीच्यांना, विशेषतः घरात रक्तदाबाचं, मधुमेहाचं, फिट्सचं किंवा टाटाचं औषध चालू असलेल्यांना एकच सांगतो. साध्या काळ्या मिरीतलं पायपरिन औषधं पचवणाऱ्या विकरांना अडवतं. इतकं, की ते रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधात मिसळून औषधाची मात्रा निम्म्याहून कमी केलेली कॅप्सूल आपल्याच देशात निघाली आहे. तेच पायपरिन तुमच्या काढ्यात असतं. तेव्हा पुढच्या वेळी ओपीडीत जाल तेव्हा घरी कुठला काढा, कुठलं चूर्ण, कुणी दिलेली कुठली मुळी घेता, ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. बाटली किंवा वेलाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.